तांबी काढून मागणारी बाई

उपकेंद्रावरची लसीकरणाची गर्दी ओसरते, सिस्टर नोंदवही मिटायला लागतात, तेव्हा एक बाई मागे रेंगाळलेली असते. कडेवर दहा-अकरा महिन्यांचं मूल, सोबत कोणी नाही. बाकीच्या बायका पायऱ्या उतरल्या की ती हळूच म्हणते, “सिस्टर, ती तांबी तेवढी काढून द्या.”

कॉपर-टीला आपल्याकडे खेड्यात तांबी म्हणतात. तांब्याची तार गुंडाळलेली ही वस्तू गर्भाशयात बसवली की प्रकारानुसार पाच किंवा दहा वर्षं गर्भ राहत नाही. काढायला दोन-चार मिनिटं पुरतात. प्रशिक्षण घेतलेली कोणतीही आरोग्यसेविका चिमट्यात दोरा धरून ती काढू शकते, भूल लागत नाही आणि काढल्यावर लगेच दिवस राहू शकतात. म्हणजे मागणी साधी आहे. तरी उत्तरं बहुतेक ठरलेली असतात. “अगं, आत्ताच तर बसवली. थोडं अंगावरून जायचंच, होईल सवय.” “मग काय, लगेच दुसरं पाहिजे का?” “नवऱ्याला नाहीतर सासूला घेऊन ये, मग बघू.” आणि सगळ्यात जास्त वेळा मिळणारं उत्तर: “पुढच्या मंगळवारी ये.”

ती पुढच्या मंगळवारी येत नाही. तालुक्याच्या खासगी दवाखान्यात पैसे मोजून तांबी काढून घेते आणि परत आल्यावर आळीतल्या चार जणींना सांगते, बसवू नका गं, बसवतात पण काढून देत नाहीत.

कुटुंबनियोजनाच्या समुपदेशनावर सरकारी पुस्तिका पुष्कळ आहेत. त्यांत साधनांची चित्रं असतात, परिणामकारकतेचे तक्ते असतात. पण समुपदेशन करणारी व्यक्ती मनात काय धरून बसली आहे, हे कळायला मला या एका मागणीइतकी चांगली कसोटी दुसरी दिसत नाही. साधन घ्यायला आलेल्या बाईशी सगळेच गोड बोलतात. साधन परत करायला आलेल्या बाईशी आपण कसं बोलतो, त्यावरून पहिलं बोलणं सल्ला होता की गळ, हे ठरतं.

इथे शब्दांकडे जरा लक्ष द्यायला हवं. कागदावर ‘समुपदेशन’ असतं. आरोग्य केंद्राच्या मासिक सभेत मात्र ‘बाई तयार केली’, ‘केस पटवली’, ‘दोघींना मोटिव्हेट केलं’ अशी भाषा ऐकू येते. नसबंदी शस्त्रक्रियेच्या योजनेत ‘मोटिव्हेटर’ म्हणजे प्रवृत्त करणारी व्यक्ती हे अधिकृत पदच आहे आणि त्याला मानधन आहे. पटवणाऱ्याला काय हवं ते आधीच ठरलेलं असतं, विचारणाऱ्याला ते समोरच्या बाईकडून कळून घ्यायचं असतं. आपली यंत्रणा सत्तर वर्षं पटवायला शिकली आहे.

ही सवय कुठून आली ते थोडं मागे जाऊन पाहू. सरकारी पातळीवर कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करणारा भारत हा जगातला पहिला देश, साल १९५२. पहिली दहा-बारा वर्षं काम संथ होतं. १९६५ मध्ये लूप आला. अमेरिकेतले डॉक्टर जॅक लिप्स यांनी तयार केलेली ती प्लॅस्टिकची नागमोडी वस्तू, आजच्या तांबीची थोरली बहीण म्हणा. स्वस्त, टिकाऊ आणि एकदा बसवली की बाईने रोज काही लक्षात ठेवायला नको. लाखांनी लूप बसवायची उद्दिष्टं ठरली आणि पहिल्या दोन वर्षांत तसे ते लाखांनी बसलेही. मग बायकांना जास्त रक्त जाऊ लागलं, ओटीपोट दुखू लागलं. असं होऊ शकतं, काही महिन्यांनी बहुतेकींचं कमी होतं, नाही झालं तर काढून टाकता येतं, एवढं आधी सांगणारं कोणी नव्हतं आणि नंतर तक्रार ऐकायलाही कोणी नव्हतं. लूप पोटातून वर चढतो, नवऱ्याला इजा करतो, कर्करोग होतो, अशा गोष्टी गावोगाव पसरल्या. बघता बघता मागणी आटली.

त्या वेळी दोष बायकांच्या अज्ञानाला दिला गेला. मला ते पटत नाही. ज्या बाईला कोणी काहीच सांगितलेलं नाही, तिने आपल्या अंगातून जाणाऱ्या रक्ताचा अर्थ स्वतःच लावायचा असतो. अफवा म्हणजे न मिळालेल्या माहितीच्या जागी बायकांनी एकमेकींना दिलेली माहिती होती. “तांबी काळजापर्यंत जाते” ही भीती आजही ऐकू येते. खरं असं की गर्भाशय ही वरून बंद पिशवी आहे. अगदी क्वचित तांबी तिची भिंत भेदून ओटीपोटात सरकते, काळजाकडे जायला तिला वाट नाही. हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. पण त्या अर्ध्या मिनिटासाठी सांगणाऱ्याला आधी ती भीती ऐकून घ्यावी लागते, “काहीतरीच काय!” म्हणून ती झटकता येत नाही.

लूप फसल्यावर यंत्रणा शस्त्रक्रियेकडे वळली आणि मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांच्या. तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं, ही गोष्ट आपण विसरून गेलो आहोत. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. आणीबाणीनंतर कार्यक्रमाचं नाव ‘कुटुंबकल्याण’ झालं, पुरुष यंत्रणेच्या हातून निसटले आणि सगळा भार बायकांच्या पोटावर आला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, स्त्रीनसबंदी केलेल्या विवाहित बायकांचं प्रमाण देशात ३७.९ टक्के होतं आणि पुरुषनसबंदीचं ०.३ टक्के. महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे. तांबी, गोळ्या, इंजेक्शन, निरोध ही पाळणा लांबवायची सगळी साधनं मिळूनही त्या आकड्याच्या जवळ जात नाहीत.

१९९६ मध्ये केंद्राने वरून लादलेली उद्दिष्टं रद्द केली. कागदावरून टार्गेट गेलं, त्याच्या जागी ‘अपेक्षित पातळी’ आली. जानेवारी-फेब्रुवारीत, आर्थिक वर्ष संपत आलं की सेविकेला येणारा फोन मात्र तोच राहिला: “तुमच्या उपकेंद्राच्या केसेस किती झाल्या?” नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली गेली आणि १३ जणींचा जीव गेला. त्याआधी २०१२ मध्ये बिहारच्या अररिया जिल्ह्यातल्या एका शाळेत दोन तासांत ५३ ऑपरेशनं झाली होती. या प्रकरणांवरच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. शिबिरं कमी झाली. ‘केस’ हा शब्द राहिला.

आता ज्यांच्या तोंडून हा शब्द येतो, त्या माणसांकडे येऊ. त्यांच्यावर राग काढून काही हाती लागत नाही, कारण त्यांची अडचण खरी आहे.

आशाताईंपासून सुरुवात करू. ही योजना २००५ मध्ये आली. आशा त्याच गावात राहणारी हवी, विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असावी, हा निकष होता. त्यामुळे बहुतेक आशाताई त्या गावच्या सुना आहेत. हे बळही आहे आणि बेडीही. तिच्या पिशवीत निरोधची पाकिटं आहेत, माला-एनच्या गोळ्या आहेत, छाया नावाची गोळी आहे. २०११ पासून अशी साधनं घरोघर पोचवणं तिच्या कामात आहे. पण ती निरोध कोणाच्या हातात देणार? गावातले निम्मे पुरुष नात्याने तिचे दीर, सासरे, मामेसासरे लागतात. ती पाकीट बाईच्या हातात देते, बाई ते पत्र्याच्या पेटीत साडीखाली ठेवते, आणि नवऱ्यापुढे विषय काढायचं काम त्या बाईवर येतं. २०१९-२१ च्या त्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ३५.१ टक्के पुरुष म्हणाले की गर्भनिरोधन हे बायकांचं काम आहे. त्यांच्याशी यावर सरळ बोलायला गावात कोणाला नेमलेलं आहे? आशा बोलू शकत नाही. पुरुष आरोग्यसेवक आहेत, पण हा विषय आपला आहे असं त्यांच्यातल्या फार थोड्यांना वाटतं. बिनटाक्याची पुरुषनसबंदी आपल्याकडे १९९२ पासून आहे, ती बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आणि सुरक्षित आहे, आणि तरी “अशक्तपणा येतो, जड काम होत नाही” हे वाक्य कधी कधी आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्याच्याच तोंडून ऐकू येतं.

आशाताईंची दुसरी अडचण दोषाची. अंतरा हे तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात मिळतं. ते घेतल्यावर पाळी अनियमित होते, आणि वर्षभर नियमित घेणाऱ्या सुमारे निम्म्या बायकांची पाळी थांबते. त्याने अपाय होत नाही. अस्तर तयारच होत नाही, म्हणून बाहेर पडायला काही नसतं. पण गावात समज असा की ‘घाण आत साठते’. सासू कोणाच्या दारात जाणार? डॉक्टर वर्ष-दोन वर्षांत बदलून जातात. आशा त्याच आळीत राहते. “तूच नेलं होतंस ना हिला?” हा प्रश्न तिला पाण्याच्या टाकीवर, लग्नाच्या मांडवात, स्वतःच्या घरात ऐकावा लागतो. अशा बाईच्या मनात साधनांची क्रमवारी आपोआप तयार होते. ज्याची तक्रार कमी येते, ते चांगलं साधन. त्या हिशेबात दोन मुलांनंतरचं ऑपरेशन पहिलं येतं. एकदा झालं की विषय संपला, पुन्हा साठा मागवायला नको, पुन्हा चौकशीला जायला नको. समोरच्या बाईची गरज तीन वर्षांच्या अंतराची असली तरी सल्ला ऑपरेशनकडे झुकतो तो यामुळे. मानधनही त्याच दिशेने झुकलेलं आहे. शस्त्रक्रियेचे पैसे आहेत, बाळंतपणानंतर लगेच बसवलेल्या तांबीचे आहेत. तासभर बसून, ऐकून घेऊन, शेवटी “मला विचार करू दे” म्हणत उठलेल्या बाईचे कोणी देत नाही.

आरोग्यसेविकेचं, म्हणजे सिस्टरांचं थोडं वेगळं आहे. सपाटीच्या भागात एका उपकेंद्राकडे पाच हजार लोकसंख्या असते, डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार. लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, बाळंतपणं, सर्वेक्षणं आणि आता मोबाइलवर भरायच्या माहितीचा रोजचा रेटा. त्यांच्या उपकेंद्रात दार लावून बोलता येईल अशी खोली असेलच असं नाही. बाकड्यावर बसलेल्या सहा बायकांसमोर “तुला पांढरं जातं का, संबंधाच्या वेळी दुखतं का” हे कसं विचारायचं? मग ते विचारलंच जात नाही, आणि जंतुसंसर्ग असलेल्या बाईला तांबी बसते, त्रास वाढतो, बदनामी तांबीची होते. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली होती, तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि आधी कधी तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के होत्या. ही सोसण्याची सवय ज्या समाजात आहे, तिथे “थोडं सहन कर” हा सल्ला देणाऱ्याला तो सल्ला कठोर वाटतच नाही. सिस्टरनेही तसंच सोसलेलं असतं.

त्यात रक्ताचा प्रश्न आहे. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. तांबी बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने पाळीचं रक्त वाढू शकतं. ज्या बाईचं हिमोग्लोबिन मुळातच आठवर आहे, तिला ते वाढलेलं रक्त चक्कर आणणारं असतं. “अंगावरून जातंय” या तक्रारीला नाटक समजणं हे वैद्यकीयदृष्ट्याही चूक आहे. तिला लोहाच्या गोळ्या हव्यात, तपासणी हवी, आणि नको असेल तर तांबी काढून हवी.

आता अशा नियमांबद्दल सांगतो, जे कुठेच लिहिलेले नाहीत पण सगळीकडे पाळले जातात. ‘पहिलं मूल झाल्याशिवाय काही देऊ नये.’ ‘नवीन लग्न झालेल्या पोरीला गोळ्या दिल्या तर पुढे मूल राहत नाही.’ ‘नवऱ्याची सही पाहिजे.’ ‘मुलगा झालाय का ते आधी बघ.’

वैद्यकशास्त्र काय म्हणतं? जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये कोणतं साधन कोणाला चालतं याचे निकष प्रसिद्ध केले आणि ते वेळोवेळी सुधारले. प्रत्येक साधन आणि प्रत्येक परिस्थिती यांची जोडी चार गटांत बसवलेली आहे: पहिल्यात काहीच अडचण नाही, दुसऱ्यात धोक्यापेक्षा फायदा जास्त, तिसऱ्यात फायद्यापेक्षा धोका जास्त, चौथ्यात अजिबात देऊ नये. मूल न झालेल्या निरोगी तरुण बाईसाठी गोळ्या पहिल्या गटात आहेत. तांबी दुसऱ्यात आहे. ‘मूल नाही’ एवढ्या कारणावरून नाकारावं असं पाळणा लांबवायचं एकही साधन नाही. गोळ्या थांबवल्या की बीजनिर्मिती लवकरच पूर्ववत होते. अंतरा थांबवल्यावर दिवस राहायला इतर साधनांपेक्षा सरासरी चार महिने जास्त लागतात, हे तेवढं खरं आहे आणि ते बाईला सांगायलाच हवं. छाया ही आपल्या लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली गोळी, तिच्यात संप्रेरक नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदा घ्यायची. नवऱ्याच्या सहीचं तर नसबंदीच्या ऑपरेशनलाही बंधन नाही. सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत जोडीदाराची संमती आवश्यक नसल्याचं म्हटलेलं आहे. तरी सही मागितली जाते, कारण उद्या नवरा केंद्रावर येऊन ओरडला तर कागद हातात असावा असं कर्मचाऱ्याला वाटतं. या नियमांचा उगम बहुतेक वेळा असा असतो. शास्त्र कमी आणि स्वतःचा बचाव जास्त.

पहिल्या मुलाबाबतचा नियम मात्र भीतीपेक्षा खोल रुजलेला आहे. लग्नानंतर वर्षाच्या आत पोरीला दिवस गेले नाहीत तर काय काय बोललं जातं, हे सिस्टरला आणि आशाला पुस्तकातून शिकावं लागत नाही, त्यांनी ते भोगलेलं असतं. “एक होऊ दे, मग बघू” हा त्यांचा सल्ला त्या पोरीला घरच्यांच्या बोलण्यापासून वाचवण्यासाठीही असतो. या मायेतूनच अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीचं बाळंतपण ओढवतं. सातारा जिल्ह्यात २००७ मध्ये जिल्हा परिषदेने वेगळी वाट धरली होती. लग्नानंतर दोन वर्षं थांबणाऱ्या जोडप्याला ५,००० रुपये आणि तीन वर्षं थांबणाऱ्याला ७,५०० रुपये. त्या योजनेला ‘हनिमून पॅकेज’ हे नाव पडलं. पैशाच्या आमिषाबद्दल माझ्या मनात शंका आहेत, पण तिने केलेली एक गोष्ट मला मोलाची वाटते. नर्सबाई नव्या सुनेच्या घरी गेल्या आणि मूल व्हायच्या आधी या विषयावर बोलल्या. एरवी तिच्याशी पहिलं बोलणं होतं ते पहिल्या बाळंतपणाच्या खाटेवर.

त्या खाटेबद्दलही बोलायला हवं. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवण्याची पद्धत चांगली आहे. बाईला पुन्हा यावं लागत नाही. सूचना अशी आहे की याबद्दलचं बोलणं गरोदरपणातल्या तपासण्यांच्या वेळी व्हावं, कळा सुरू असताना नव्हे. कळांमध्ये “बसवू ना?” या प्रश्नाला आलेला हुंकार ही संमती नाही. ज्या बाईला आपल्या पोटात काही बसवलं आहे हे आठवड्यांनी कळतं, ती पुन्हा त्या केंद्राची पायरी चढत नाही, आणि तिच्या मुलाची लसही चुकते.

लग्न न झालेल्या मुलीपुढे तर सल्ला बंदच होतो. महाराष्ट्रात किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिकं आहेत. पण अठरा वर्षांखालच्या मुलीने शरीरसंबंधाबद्दल काही सांगितलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कायद्याचा हेतू मुलांच्या रक्षणाचा आहे. प्रत्यक्षात मुलगी गप्प राहते आणि डॉक्टर विचारायचं टाळतात. अठरा ओलांडलेल्या अविवाहित मुलीला तर कायद्याची काहीच आडकाठी नाही. तिला अडवते ती “लग्न झालंय का?” विचारणाऱ्या नजरेतली नापसंती. ती मग तालुक्याच्या मेडिकलमध्ये मैत्रिणीला पाठवून बहात्तर तासांची, म्हणजे संबंधानंतर तातडीने घ्यायची गोळी मागवते आणि ती किती वेळा घ्यायची, कशी घ्यायची, हे दुकानातला पोरगा सांगेल तेवढंच तिला कळतं.

नापसंतीशिवाय सल्ला देण्याची भूमिका आपल्याकडे नवी नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र निघालं, तेही त्याच वर्षी. पुढे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकासाठी कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. कर्व्यांचा आग्रह देशाची लोकसंख्या किती असावी यावर नव्हता. बाईला तिच्या शरीराबद्दल निवड असावी, आणि त्या निवडीबद्दल कोणी तिला पापी ठरवू नये, यावर होता. सरकारी कार्यक्रमाने कर्व्यांची साधनं घेतली, त्यांची भूमिका मागे ठेवली. ज्या महाराष्ट्रात ही भूमिका इतक्या आधी मांडली गेली, तिथल्या नर्सिंगच्या आणि आशांच्या प्रशिक्षणात कर्व्यांची ओळख करून द्यायला एक तास ठेवावा, असं मला फार वाटतं.

निवड नाकारण्याची दुसरी बाजूही आहे. मध्य प्रदेश सरकारने १९७९ मध्ये बैगांसारख्या आदिम जमातींची संख्या घटू नये म्हणून त्यांच्या नसबंदीवर बंदी घातली. नंतर छत्तीसगडच्या वाट्याला आलेल्या भागातही ती चालू राहिली. सातव्या-आठव्या बाळंतपणाने खंगलेल्या बैगा बायका ऑपरेशन मागत होत्या आणि कर्मचारी त्यांना परत पाठवत होते. काही ठिकाणी तर गोळ्या आणि तांबीही नाकारली गेली. शेवटी तिथल्या बायका उच्च न्यायालयात गेल्या आणि २०१८ मध्ये छत्तीसगडमधला हा निर्बंध गेला. एकीकडे ऑपरेशनसाठी मागे लागणारी यंत्रणा दुसरीकडे मागूनही देत नव्हती. दोन्हीकडे ठरवणारं माणूस टेबलाच्या पलीकडे बसलेलं होतं.

राहिला प्रश्न पूर्ण माहिती देण्याचा. सगळं सांगितलं तर बाई घाबरून पळून जाईल, ही समजूत फार पक्की आहे आणि ती प्रामाणिक आहे. तिला उत्तर म्हणून दोन अभ्यास सांगतो. चीनमध्ये, आपण ज्याला अंतरा म्हणतो त्याच इंजेक्शनवर केलेला एक अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला पाळीत काय काय बदल होतील ते आधी सविस्तर सांगितलं आणि नंतरच्या भेटींतही पुन्हा सांगितलं. दुसऱ्या गटाला नेहमीची जुजबी माहिती दिली. वर्षाअखेरीस पहिल्या गटातल्या ११ टक्के बायकांनी इंजेक्शन सोडलं होतं, दुसऱ्या गटातल्या ४२ टक्के. मेक्सिकोतला असाच अभ्यास २००१ मध्ये आला, तिथले आकडे १७ आणि ४३. औषध तेच होतं, त्रासही तोच होता. जिला आधी सांगितलं होतं, तिला पाळी चुकल्यावर धक्का बसला नाही. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात साधन वापरणाऱ्या बायकांपैकी ६२.४ टक्के जणींना त्याच्या दुष्परिणामांबद्दल कधी तरी सांगितलं गेलं होतं. आधीच्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, हा आकडा ४६.५ होता, म्हणजे सुधारणा झाली होती. आणि साधन न वापरणाऱ्या बायकांपैकी ज्यांच्याशी आरोग्य कर्मचारी कधी तरी या विषयावर बोलले, त्या २०१९-२१ मध्ये फक्त २३.९ टक्के होत्या.

वृत्ती व्याख्यानांनी बदलत नाही. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी ज्या खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं, त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या पुन्हा पुन्हा जमत, काय जमलं नाही ते एकमेकींना सांगत, आणि आधी स्वतःच्या मनातल्या समजुतींशी झगडत. आजच्या प्रशिक्षणात आशांना साधनांची नावं पाठ करून घेतात. त्यांना कोणी विचारत नाही की ताई, तुम्ही स्वतः काय वापरलंत, का सोडलंत, तेव्हा तुम्हाला कोणी काय सांगितलं होतं? त्या उत्तरांत सगळा अभ्यासक्रम आहे. आणि मासिक सभेत “किती बसवल्या?” याच्या जोडीला “किती जणींनी काढून मागितल्या, त्यांतल्या किती जणींना त्याच दिवशी काढून दिल्या?” असं विचारलं गेलं, काढून दिलेली तांबी सेविकेच्या खात्यात वजा धरली गेली नाही, तर पुष्कळ काही आपोआप हलेल.

मंगळवारी मागे रेंगाळलेल्या त्या बाईशी असंही बोलता येतं.

“बस ना. काय होतंय?”

“लई जातं अंगावरून. आठ-आठ दिवस. कामाला उठवत नाही.”

“कधीपासून? चक्कर येते का? मी बसवताना सांगितलं होतं का तुला, की असं होईल म्हणून?”

“नाही सांगितलं.”

“चुकलं माझं. सांगायला हवं होतं. हे बघ, अजून दोन-तीन महिन्यांत कमी होण्यासारखं आहे, रक्तवाढीच्या गोळ्या देते, दुखण्यावरची देते. ते नको असेल तर आत्ता काढते. तुला काय वाटतं?”

“काढाच.”

“बरं. बाळाला आशाताई घेतील, तू आत चल. पुढचं मूल कधी हवंय तुम्हाला?”

“पोरगी शाळेत गेल्यावर. आत्ता नको.”

“मग आत्ता दुसरं काय चालेल ते काढून झाल्यावर बघू. घाई नाही.”